कालवांच्या बागा लावण्याआधी खाडीचं पाणी तपासा : मत्स्यव्यवसाय विभागाला खुले पत्र

मा. मंत्री आणि मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या काठावर राहते. आमच्या आणि शेजारच्या चार वाड्यांतल्या बायका सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उतरून जे काढतात, ते मी बावीस वर्षं विकत घेते आणि पुढे पाठवते. तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवं, कधीमधी शिनाणे, सगळे शिंपल्यांचेच प्रकार. बराचसा माल रत्नागिरीच्या आणि चिपळूणच्या बाजारात जातो, काही गोव्याला, आणि थंडीत, कालवं भरली की, मुंबईला. माझ्याआधी सासूबाई हेच करायच्या. त्या डोक्यावर पाटी घेऊन दारोदार जायच्या, वाटे लावून विकायच्या आणि दिवेलागणीला रिकामी पाटी घेऊन परत यायच्या. माझ्याकडे टेम्पो आहे, बर्फाच्या पेट्या आहेत, आणि उद्या किती किलो हवं ते रात्री फोनवर कळतं.

बाजार वाढतोय हे मला त्या फोनवरूनच समजतं. सासूबाईंच्या काळात तिसऱ्या म्हणजे पापलेट परवडत नसलेल्या घरचं कालवण. आज गणपतीपुळ्याला, गुहागरला, मालवणला उतरलेला पाहुणा थाळी सांगताना आधी विचारतो, तिसऱ्या आहेत का. एका शिंपीसकट केलेलं तिसऱ्यांचं कालवण, म्हणजे एकशिपी, कशी करतात ते पुण्याच्या बायका मला फोनवर विचारतात. सोललेल्या कालवांचे डबे मुंबईत घरपोच जातात. ज्या हॉटेलांच्या मागच्या दारातून आम्हाला कुणी आत घेत नसे, त्यांचे खरेदीवाले आता स्वतः खाडीवर येऊन माल बघून जातात. दर वाढलाय, आणि बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदाच आमच्या वाडीतल्या दोन तरुण सुना मुंबईला न जाता सुकतीला उतरू लागल्या आहेत.

त्यात एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले गेले, हे मी मनापासून सांगते. विजेचा दर, कर्जाचं व्याज, विमा या गोष्टी शेतकऱ्याला मिळतात तशा मिळणार म्हटल्यावर ज्यांच्या नावावर कधी सात-बारा नव्हता त्यांनाही वाटलं की आपली गणती झाली. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना 60 टक्के अनुदान आहे. कांदळवन कक्षाच्या 2017 पासूनच्या उपजीविका योजनेत खेकडापालनाबरोबर कालवंपालनही आहे, आणि सिंधुदुर्गात काही गटांनी ते करूनही दाखवलंय. पुढच्या काही वर्षांत आमच्या खाड्यांमध्ये कालवं-शिनाणे वाढवायचे बांबूचे तराफे आणि दोरखंड दिसू लागणार, असं माझं मन सांगतं. ते दिसावेत अशी माझी इच्छाही आहे.

म्हणूनच हे पत्र आत्ता लिहिते आहे, तराफे लागायच्या आधी. कालवं, तिसऱ्या आणि शिनाणे यांच्या धंद्याचा पाया म्हणजे पाणी. आणि आमच्या खाडीचं पाणी कसं आहे, याचा आज आमच्याकडे कसलाही लेखी पुरावा नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्ष महिना, उधाणाच्या सुकत्या, कालवं अगदी भरलेली. मुंबईच्या एका हॉटेलला मी आठवड्यातून दोनदा माल पाठवत होते. एका सोमवारी फोन आला, की शनिवारी रात्री जेवलेल्या एका टेबलावरच्या पाहुण्यांना जुलाब-उलट्या झाल्या आहेत, माल थांबवा. मी विचारलं, त्यांनी आणखी काय काय खाल्लं होतं? कालवं कितपत शिजवली होती? पेटी रात्रभर कुठे ठेवली होती? समोरचा माणूस सभ्य होता. तो म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर असेल. पण तुमच्या खाडीचं पाणी चांगलं आहे असा एक कागद मला दाखवा, मी मालकांना दाखवतो."

माझ्याकडे कागद नव्हता. इतक्या वर्षांचा विश्वास होता, पण तो काही फाइलला लावता येत नाही. त्या हॉटेलने माल बंद केला. ही बातमी एका स्वयंपाकघरातून दुसऱ्यात गेली आणि पंधरा दिवसांत आणखी दोघांनी बंद केला. त्या हंगामात आमच्या चाळीस बायकांनी कालवं काढणं जवळजवळ सोडून दिलं. काही जणी आंब्याच्या बागेत फवारणीचं पाणी ओढायला गेल्या, एकीने मुलीची बारावीची शिकवणी थांबवली. दोष आमच्या कालवांचा होता की नव्हता, हे आजही मला माहीत नाही, आणि मला सर्वांत जास्त तेच लागतं. दोष असता तर कबूल केला असता, खाडीचा तो भाग सोडून दुसरीकडे गेलो असतो. नसता तर ताठ मानेने सांगितलं असतं. आमच्या हातात दोन्ही नव्हतं.

पापलेट आणि कालव यांच्यातला फरक मी त्यानंतर नीट समजून घेतला. मासा पोहतो, पाणी नकोसं झालं तर निघून जातो. कालव जन्मभर एकाच दगडाला चिकटून असतं, तिसरी त्याच गाळात रुतलेली असते, आणि दोघंही दिवसरात्र पाणी आत ओढतात, त्यातलं खाण्यासारखं गाळून घेतात आणि बाकीचं बाहेर सोडतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं कालव सगळं अनुकूल असेल तर दिवसाला 190 लिटरपर्यंत पाणी गाळतं. म्हणजे खाडीत जे येतं ते त्याच्या पोटात साठतं. वरच्या गावाचं सांडपाणी, गोठ्याचं पाणी, शौचालयाची गळती, कारखान्याचं काही असेल तर तेही. आम्ही तिसऱ्या घरी आणल्यावर रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतो, म्हणजे त्या वाळू टाकतात. वाळू टाकतात, पण तेवढ्याने जंतू टाकतीलच असं नाही. आणि कालवणाला चांगली उकळी आली की जंतू मरतात हे खरं असलं, तरी हॉटेलात तव्यावर अर्धवट परतलेलं कालव आणि आमच्या घरचं खदखदलेलं कालवण यांत अंतर आहे.

एक विष तर शिजवूनही जात नाही. समुद्रात काही सूक्ष्म शेवाळं एकदम फोफावतात, ती गाळून खाणाऱ्या शिंपल्यांत त्यांचं विष साठतं आणि ते माणसाच्या मज्जातंतूंवर काम करतं. 1997 साली केरळात तिरुअनंतपुरमजवळ विळिंजमला शिनाणे खाऊन सात जणांचा जीव गेला होता आणि शेकडो आजारी पडले होते. शिनाणे ताजेच होते. ते काढणाऱ्याने काही चूक केली नव्हती, शिजवणाऱ्या आईनेही नाही. पाण्यात काय चाललंय हे त्या दोघांनाही कळायचा मार्ग नव्हता, इतकंच.

साहेब, असं काही आमच्या किनाऱ्यावर झालं तर? मला जिवांची काळजी आधी आहे, धंद्याची नंतर. पण धंद्याचंही सांगते. एका खाडीत काही झालं की डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणाचीही तिसरी कुणी घेणार नाही, कारण कुठली तिसरी कुठल्या खाडीतली हे सांगायची सोयच आपल्याकडे नाही. सगळ्या पाट्या एकाच ढिगात पडतात. माझ्या टेम्पोतही पाच वाड्यांचा माल एकत्र होतो, आणि हे मी अभिमानाने सांगत नाही.

जगात ही वेळ आधी येऊन गेली आहे. 1924-25 च्या हिवाळ्यात अमेरिकेत कालवांमधून विषमज्वर पसरला. न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन इथे मिळून सुमारे 1,500 लोक आजारी पडले आणि दीडशेच्या आसपास दगावले. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातली कालवं होती. लोकांनी कालवं खाणंच सोडलं, बाजार कोसळला. तेव्हा खुद्द कालवांचे व्यापारी सरकारकडे गेले, की आमच्यावर नियम घाला, नाहीतर आम्ही संपलो. त्यातून 1925 मध्ये तिथली शिंपल्यांच्या आरोग्याची व्यवस्था उभी राहिली, ती आजही चालू आहे. प्रत्येक गोणीला एक चिठ्ठी असते, त्यावर माल कुठल्या पाण्यातून, कोणत्या तारखेला, कुणी काढला ते लिहिलेलं असतं. हॉटेलवाल्याने गोणी संपल्यावरही ती चिठ्ठी 90 दिवस जपून ठेवायची. कुणी आजारी पडलं तर चिठ्ठी धरून त्या पाण्यापर्यंत जाता येतं, आणि बाकीच्या पाण्यांना उगाच बट्टा लागत नाही.

ही गोष्ट मी वाचली तेव्हा त्या सोमवारच्या फोनची आठवण झाली. माझ्या पेटीवर तशी चिठ्ठी असती तर आमची खाडी एक तर सुटली असती, नाही तर सुधारली असती.

युरोपात याची आणखी सोपी रीत आहे. ते खाडी-किनाऱ्यांची प्रतवारी लावतात. शिंपल्याच्या 100 ग्रॅम मांसात ई-कोलाय नावाचे जंतू 230 पर्यंत असले तर ते पाणी पहिल्या प्रतीचं, माल थेट ताटात. त्याहून जास्त पण 4,600 पर्यंत असले तर दुसऱ्या प्रतीचं, माल आधी स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवून शुद्ध करायचा, मग विकायचा. त्याच्याही वर गेलं तर महिनोन् महिने स्वच्छ पाण्यात हलवायचा किंवा कारखान्यात उष्णता देऊनच वापरायचा. ब्रिटनमध्ये या टाकीत शिंपले साधारण 42 तास ठेवतात, पाणी अतिनील दिव्याखालून फिरवत राहतात. टाकी, पंप, दिवा. आमच्याकडे कोळंबीच्या हॅचऱ्या, म्हणजे बी तयार करायची केंद्रं, चालवणारी पोरं आहेत, त्यांना यात काही अवघड वाटणार नाही. पण टाकी लावायची की नाही, हे ठरवायला आधी प्रत कळायला हवी. आणि टाकीने शेवाळाचं विष किंवा जड धातू भरवशाने निघत नाहीत, म्हणून पाणी बघण्याला पर्याय नाहीच.

न्यूझीलंडमध्ये शिनाण्यांची मोठी शेती आहे. त्यांचे हिरव्या कवचाचे शिनाणे म्हणजे आपल्या शिनाण्यांचे चुलत भाऊच. तिथे ठरलेल्यापेक्षा जास्त पाऊस पडला की बागेतला माल काढणं बंद, आणि पाणी निवळल्यावर पुन्हा चालू. पावसाने डोंगरावरची सगळी घाण खाली येते, हे आम्हालाही ठाऊक आहे. आमच्या सासूबाई अवकाळी पाऊस झाला की चार-पाच दिवस पाटी उचलत नसत. "खाडी आंबली" म्हणायच्या. त्यांचं ते शहाणपण आता मागणीच्या रेट्याखाली मोडतंय. डिसेंबरात पाऊस पडला, तरी दुसऱ्या दिवशी फोन येतोच, आणि मी नाही म्हटलं तर दुसरं कुणीतरी हो म्हणतं. मोजमापाचा नियम असता तर सगळ्यांनाच नाही म्हणता आलं असतं.

मी स्वतः एक प्रयत्न केला. वाडीतल्या बायकांनी पैसे काढले, तेवढेच मी घातले, आणि आम्ही तिसऱ्यांचे नमुने मुंबईच्या एका खासगी प्रयोगशाळेत पाठवले. नमुना थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचायला हवा, म्हणून दीर रात्रीच्या गाडीने बर्फाची पेटी मांडीवर घेऊन गेले. अहवाल आठवड्यानंतर आला. चांगला होता, सगळ्या जणींनी तो फोनमध्ये साठवून ठेवला. पण त्या आठवड्यातला माल तोवर लोकांच्या पोटात जाऊन जिरला होता, आणि पुढच्या आठवड्याच्या पाण्याबद्दल तो अहवाल काहीच सांगत नव्हता. दर पंधरा दिवसांनी असं करायचं तर आमची कमाई गाडीभाड्यात जाईल.

आणि हे सगळं रत्नागिरीत घडतंय, याचं मला वाईट वाटतं. शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, ते तर त्याहून जुनं. आमच्याच खाड्यांतल्या तिसऱ्या-मुळ्यांवर, त्या कधी अंडी घालतात, किती दिवसांत किती वाढतात, यावर तिथल्या मुलामुलींनी अभ्यास केले आहेत. मुंबईला मांडीवर पेटी घेऊन जायची वेळ आमच्यावर येते आणि सूक्ष्मदर्शक आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. त्यांना निधी, माणूस आणि हे काम नेमून द्या. नवी इमारत कुणी मागत नाही.

आता थोडं कोळंबीबद्दल. कवचाचं मासळी-उत्पादन म्हटलं की सरकारदरबारी कोळंबीच डोळ्यांसमोर येते, आणि ते साहजिक आहे. 2024-25 मध्ये देशाने 62,408 कोटी रुपयांची सागरी उत्पादनं निर्यात केली, त्यांत गोठवलेली कोळंबी 43,334 कोटींची. शंभरातले जवळजवळ सत्तर रुपये एकटीचे. 2009 नंतर वनामी ही बाहेरची कोळंबी आली आणि चित्र पालटलं. पण त्यातला सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक अमेरिका, आणि ऑगस्ट 2025 मध्ये तिथे भारतीय मालावर 50 टक्के कर लागला तेव्हा आंध्रच्या तळ्यांवर भाव पडले. परदेशी बाजार वाईट असं मी म्हणत नाही. एका पिकावर, एका देशावर एवढं वजन टाकलं की काय होतं ते दिसलं, एवढंच. तिसऱ्या आणि कालवं यांचा बाजार आपल्या घरचा आहे. पनवेलपासून पणजीपर्यंत खाणारे आहेत. शिंपल्यांना खाद्य घालावं लागत नाही, तळं खणावं लागत नाही, औषध लागत नाही. जगात 2022 मध्ये शिंपलेवर्गीय प्राण्यांची जी शेती झाली ती 1 कोटी 89 लाख टनांच्या घरात होती आणि त्यातला मोठा वाटा चीनचा. आपल्याला त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या पाचशे वाड्यांना हंगामभर काम मिळालं तरी खूप झालं.

तराफ्याची शेती तशी साधी आहे, म्हणून तिच्यावर माझा जीव आहे. शिनाण्यांचं बारीक बी दोरखंडाभोवती सुती जाळीत गुंडाळायचं आणि पाण्यात सोडायचं. जाळी काही दिवसांत कुजून जाते, तोवर शिनाण्यांनी आपल्या तंतूंनी दोर घट्ट धरलेला असतो. पावसाळा सरल्यावर बांधायचं आणि पुढचा पावसाळा यायच्या आत उतरवायचं. केरळात कासरगोड जिल्ह्यात पडन्नाच्या बाजूला 1990 च्या दशकाच्या शेवटी ही शेती सुरू झाली आणि बचत गटांच्या बायकांनी ती हातात घेतली. पाण्यात उतरायला न धजणाऱ्या बायका तराफे बांधू लागल्या, कर्ज काढून फेडू लागल्या. हे आमच्या बायकांनाही जमेल, नाही जमलं तर मी त्यांच्याबरोबर पाण्यात उभी राहीन.

पण केरळनेच दुसरी गोष्टही शिकवली आहे. कोल्लमच्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्या 1980 च्या दशकात परदेशी जाऊ लागल्या, मागणी वाढली तशी उपसाही वाढला आणि दहा-बारा वर्षांत माल घसरला. मग काढणारे, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि जिल्हा प्रशासन एकत्र बसले. बारीक तिसरी निसटून जावी म्हणून जाळ्याचं भोक ठरवलं, डिसेंबर ते फेब्रुवारी, अंडी घालायच्या दिवसांत, काढणी बंद केली, यंत्राने तळ खरवडायला मनाई केली. माल परत आला. 2014 मध्ये या तिसऱ्यांना शाश्वत मासेमारीचं एमएससी प्रमाणपत्र मिळालं, देशात पहिलंच. सुमारे तीन हजार कुटुंबांचं पोट त्यावर होतं. तरी पुढे पुन्हा उतरण लागली. बाहेरून आलेल्या एका आक्रमक शिनाण्याने तळ बळकावला, पाणी बदललं, आणि अखेरीस हॅचरीतलं बी आणून सरोवरात सोडावं लागलं. पाण्यावर नजर एकदा ठेवून भागत नाही, असा याचा अर्थ मी घेतला.

आमच्या खाडीतही तिसरी लहान होत चालली आहे. पूर्वी वाट्यात पंचवीस बसायच्या, आता तेवढ्याच जागेत चाळीस बसतात. मागणी आहे म्हणून बारीकही काढली जाते, आणि काढणारीला दोष देताना माझी जीभ रेटत नाही, कारण घेणारी मीच आहे. गेल्या वर्षी वाडीच्या बैठकीत आम्ही ठरवलं, की अंगठ्याच्या नखाएवढ्या तिसऱ्या मी घेणार नाही आणि बंदराच्या पलीकडचा पट्टा दिवाळीपर्यंत राखायचा. पाळलं सगळ्यांनी. पण रात्री सक्शन पंपाने रेती उपसणारा आला की तिसरी तिच्या घरासकट उचलली जाते, आणि आमच्या ठरावाला तो विचारत नाही. पापलेट, सुरमई, बोंबील यांचे किमान आकार सरकारने जाहीर केले, बाजारात निदान त्याची चर्चा तरी होते. तिसरीसाठी तशी पट्टी घेऊन उभं राहिलेलं माणूस मला खाडीवर अजून दिसलेलं नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो सांगताना मला थोडा राग येतो, माफ करा. या बायकांना नाव नाही. नाव म्हणजे होडी, आणि नाव म्हणजे नोंदही. परवाना होडीला मिळतो, डिझेलचा परतावा होडीला मिळतो, वादळात नुकसान झालं तर पंचनामा होडीचा आणि जाळ्याचा होतो. गुडघाभर चिखलात वाकून, पहाटे साडेपाचच्या सुकतीला हाताने तिसऱ्या चाचपणारी बाई कोणत्याच रकान्यात बसत नाही. तिची हत्यारं म्हणजे एक कोयती, एक पाटी आणि दोन तळपाय. कालवाच्या धारेने तळपाय फाटले तर त्याचा पंचनामा कोण करणार? मुंबईत वरळीच्या खडकांवर कालवं काढणाऱ्या बायकांसमोर सागरी किनारा रस्त्याच्या वेळी हाच प्रश्न आला, की भरपाई मोजताना होडी नसलेल्या मच्छीमाराला मोजायचं कसं. खाडीत उद्या तराफ्यांसाठी जागा वाटल्या जातील तेव्हाही हाच प्रश्न येईल. ज्याच्याकडे कागद आहे त्याला जागा मिळेल. आज ज्या पट्ट्यात माझ्या चाळीस जणी उतरतात तिथे उद्या कुणा बाहेरच्या कंपनीचे दोर बांधलेले असतील आणि या काठावर उभ्या राहून बघतील. कृषीचा दर्जा देऊन हे होणार असेल तर तो दर्जा आमच्या कामाचा नाही.

म्हणून माझी मागणी एकाच कामाची आहे, पण ती दोन टोकांनी धरावी लागेल. पाचही किनारी जिल्ह्यांत आणि मुंबईत जिथे जिथे शिंपले काढले जातात त्या खाड्यांची यादी करा, आणि वर्षभर, दर पंधरा दिवसांनी, त्यांतलं पाणी आणि मांस तपासून प्रत लावा. प्रत मराठीत, धक्क्यावर, फळ्यावर लिहा. वाईट आली तरी लिहा. वाईट आलेल्या खाडीत सांडपाणी कुठून येतं हे शोधायला आम्हाला तो फळाच हत्यार म्हणून वापरता येईल, ग्रामसभेत, नगरपालिकेत. ही तपासणी ज्यांच्या मालाची होणार त्या काढणाऱ्या बायकांची नोंद त्याच वेळी करा, खाडीनिहाय, सुकतीच्या वेळी येऊन, कारण दुपारी बारा वाजता आलात तर त्या तुम्हाला आंब्याच्या बागेत सापडतील. त्या नोंदीवरच चिठ्ठीचा क्रमांक द्या आणि तराफ्याची जागा देताना पहिला हक्क त्या क्रमांकाला ठेवा. अनुदान त्यानंतर द्या. प्रत न लावलेल्या खाडीत तराफ्याला एक रुपयाही देऊ नका, हे मी धंदेवाली असून सांगते.

तपासणीला खर्च येईल आणि आधी काही खाड्यांची प्रत खालची येईल. आमचीही येऊ शकते. वरच्या बाजूला वस्ती वाढलीय, दोन नाले सरळ खाडीत येतात, मला ते दिसतंय. प्रत खालची आली तर काही महिने माझा धंदा बसेल. वाडीत मी हे बोलले तेव्हा एक जण म्हणाली, "मग गप्प का बसत नाहीस?" थोड्या वेळाने तिनेच सांगितलं, की तिच्या नातवाला तिसऱ्यांचं सुकं फार आवडतं आणि तो पुढच्या महिन्यात पुण्याहून येतोय.

नमुने गोळा करायला माणसं नाहीत असं उत्तर येऊ शकतं, म्हणून आधीच लिहून ठेवते. नमुने आम्ही काढू. आमच्या पाच जणी कुठल्या दगडावरचं कालव, कुठल्या पट्ट्यातली तिसरी हे अंधारातही ओळखतात. त्यांना एक दिवस शिकवा. निर्जंतुक बाटल्या, पिशव्या आणि वहीचे छापील तक्ते तुम्ही द्या. बर्फाच्या पेट्या माझ्याकडे आहेत, टेम्पो आहे, आणि शिरगाव आमच्यापासून पाऊण तासावर आहे. अमावास्येच्या सुकतीला सकाळी सहाला आम्ही खाली उतरतो आणि साडेआठपर्यंत वर येतो, म्हणजे नमुना दहाच्या आत प्रयोगशाळेच्या दारात असेल. दार उघडून तो घेणारा माणूस तेवढा नेमा.

आपली विश्वासू,
खाडीकाठची एक शिंपले-विक्रेती
जिल्हा रत्नागिरी